नामंजूर नोंदीचा मागोवा

गोंदिया जंक्शनचा रेल्वेतला संकेत आहे 'जी'. एवढेच, एकच अक्षर. त्याच मार्गावर पुढे रायपूर आहे, त्याचा 'आर'. मराठवाड्यात जालन्याचा 'जे'. बहुतेक स्थानकांच्या वाट्याला दोन ते चार अक्षरे आली, नागपूर 'एनजीपी' तर दुर्ग 'डीयूआरजी'. आता समजा, पुण्यातला एखादा प्रोग्रामर प्रवासाची माहिती स्वीकारणारा एपीआय लिहितो आहे. स्थानकाच्या संकेतात किमान दोन अक्षरे हवीत, असा नियम तो सहज घालून टाकतो. चाचणीत मुंबई, पुणे, नागपूर बिनबोभाट पार पडतात. गोंदियाची नोंद मात्र 'अवैध माहिती' असा शेरा घेऊन परत येते. प्रवासी खरा, गाडी खरी, स्थानक तर शंभराहून अधिक वर्षे जागच्या जागी उभे. चूक असते ती नियमात, आणि तो नियम लिहिणाऱ्याला गोंदियाच्या माणसाने गाठायचे कुठे?

दर खरिपानंतर गोंदिया जिल्ह्यातल्या आधारभूत धान खरेदी केंद्रांवर हाच प्रकार माणसांची नावे, गट क्रमांक आणि बँक खाती यांच्याबाबत घडतो. शेतकऱ्याचा सातबारा, आधार आणि पासबुक समोर ठेवून ऑपरेटर नोंदणी भरतो, बटण दाबतो आणि लाल अक्षरांत एक ओळ येते. ती ओळ बहुधा इंग्रजीत असते आणि बहुधा काहीच सांगत नाही. मग 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या'. सर्व्हर पुष्कळदा चांगला चालू असतो. त्याने नोंद वाचलेली असते, तपासलेली असते आणि विचारपूर्वक नाकारलेली असते.

या नाकारण्याला आज व्हॅलिडेशन एरर म्हणतात. तिचे कूळ शोधत गेले तर दोन घराणी सापडतात. एक घराणे लिखाणाचा आकार तपासते: अंक किती, तारीख कशी लिहिली, रकाना रिकामा तर नाही ना. दुसरे घराणे एक वही दुसऱ्या वहीशी ताडून पाहते. पोर्टलवर दोन्हींचा संसार एकत्र झाला आहे आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो, कारण पहिल्याच्या चुकीवरचा उपाय दुसऱ्याच्या चुकीला लागू पडत नाही.

पहिल्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे शाळेत शिकवला जाणारा ताळा. गुणाकार झाला की अंकांची बेरीज करायची, नऊ टाकून द्यायचे, उरलेले आकडे जुळतात का पाहायचे. दहाव्या शतकाच्या आसपासच्या दुसऱ्या आर्यभटाच्या 'महासिद्धांत' ग्रंथात ही नऊ टाकण्याची रीत येते. 23 गुणिले 14 बरोबर 322. डाव्या बाजूचा ताळा पाच गुणिले पाच म्हणजे पंचवीस, म्हणजे सात. उजव्या बाजूला तीन, दोन, दोन मिळून सात. जमले. पण कारकुनाने 322 ऐवजी 232 लिहिले तर? ताळा तरीही सातच येतो. आकड्यांची अदलाबदल या रीतीला दिसत नाही, आणि हाताने लिहिताना माणूस नेमकी तीच चूक करतो. पुढची हजार वर्षे हे भोक बुजवण्यात गेली असे म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

तारेने या घराण्यात एक वेगळी युक्ती आणली. तारेच्या मथळ्यात मजकुरातल्या शब्दांची संख्या लिहिलेली असे. पलीकडचा तारबाबू शब्द मोजी, संख्या जुळली नाही तर लगेच उलट विचारी. आज एचटीटीपीच्या मथळ्यात मजकुराची लांबी पाठवतात, ती याच कुळातली. रेल्वेचे छोटे संकेतही तारेच्या काळाची देणगी. तारेवर प्रत्येक अक्षराला वेळ लागतो, म्हणून नाव जितके आखूड तितके बरे. गाडी सोडण्याआधी पुढच्या स्थानकाला विचारायचे, त्याने 'लाइन क्लिअर' दिली तरच सोडायची, हा रिवाज तर आजच्या विनंती-उत्तराच्या फार जवळचा आहे. फरक इतकाच की पुढच्या स्टेशनमास्तरने नकार दिला तर का दिला हे त्याच तारेवरून विचारता येत होते. भारतातली तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली.

पंचकार्डांचा काळ मी भराभर ओलांडतो. 1890 च्या अमेरिकन जनगणनेपासून कार्डे आली. पुढे त्यांच्यासाठी पडताळणीचे यंत्र आले, ज्यावर दुसरी व्यक्ती तीच माहिती पुन्हा टंकित करी. जुळली नाही तर यंत्र अडून बसे आणि चुकलेल्या स्तंभावर खाच पाडी. खाच कुठे पडली यावरून चूक कुठे हे कळे. आजचे अनेक संदेश त्या खाचेइतकेही बोलत नाहीत.

1954 मध्ये आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी ताळ्याचा एक सुधारित प्रकार पेटंटसाठी दाखल केला, 1960 मध्ये पेटंट मिळाले. एक सोडून एक अंक दुप्पट करायचा, मग बेरीज. जागेला महत्त्व आले, त्यामुळे अदलाबदल सापडू लागली. बँकेच्या कार्डांवरचे आकडे आजही याच रीतीने तपासतात. मात्र 09 च्या जागी 90 लिहिले तर लूनची रीतही फसते. 1969 मध्ये याकोबस फेरहुफ या डच गणितीने डच टपाल खात्याच्या आकड्यांतल्या खऱ्याखुऱ्या चुका अभ्यासल्या आणि पंचकोन फिरवण्या-उलटवण्याच्या गणितावर आधारलेली पद्धत काढली. त्या गणितात आधी फिरवून मग उलटवणे आणि आधी उलटवून मग फिरवणे यांचे उत्तर वेगळे येते. म्हणूनच एका अंकाची कोणतीही चूक आणि शेजारच्या दोन अंकांची कोणतीही अदलाबदल तिच्यातून निसटत नाही. ताळ्याचे जुने भोक इथे बुजले.

फेरहुफची ही रीत महाराष्ट्रात प्रत्येकाच्या खिशात आहे. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. आधारच्या बारा अंकांपैकी शेवटचा फेरहुफच्या पद्धतीने काढलेला असतो आणि पहिला कधी 0 किंवा 1 नसतो. त्यामुळे ऑपरेटरचा एक अंक चुकला तर चांगले लिहिलेले पोर्टल कुठेही विचारायला न जाता जागीच सांगू शकते की क्रमांक चुकला. पिन कोडचे तसे नाही. संस्कृत पंडित आणि टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून आलेला हा क्रमांक 15 ऑगस्ट 1972 पासून लागू झाला. एकाच नावाची अनेक गावे ही त्यामागची मोठी अडचण होती. गोंदियाकरांना ती सांगायला नको: गोरेगाव आमच्या जिल्ह्यातला तालुका, मुंबईचे उपनगर, शिवाय रायगडात आणि हिंगोलीतही. पण पिनमध्ये ताळ्याचा अंक ठेवला नाही. गोंदियाच्या 441601 मधला एखादा अंक इकडचा तिकडे झाला तर नुसते आकड्यांकडे पाहून यंत्राला काही वावगे दिसत नाही.

एवढे सगळे गणित करूनही पहिले घराणे सांगते काय, तर 'असा क्रमांक असू शकतो'. तो कोणाचा, हे सांगणे त्याच्या अखत्यारीत नाही. ते काम दुसऱ्या घराण्याचे, आणि ते घराणे आमच्याकडे पटवाऱ्याच्या बस्त्यातून आले.

1860 च्या दशकात मध्य प्रांतात जमीन महसुलाचा बंदोबस्त झाला, तेव्हा आजचा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होता. शेताला खसरा क्रमांक, क्षेत्र एकरात आणि त्याच्या शतांशात, ज्याला आजही म्हातारी माणसे डिसमिल म्हणतात. वर मालगुजार. मालगुजारी 1950 च्या कायद्याने गेली. 1956 मध्ये हा भाग मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 15 ऑगस्ट 1967 पासून लागू झाली आणि कालांतराने इथेही गाव नमुना सात आणि बारा आले, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये गेले. म्हणजे एकाच बांधीची कुंडली दोन-तीन मापांत आणि दोन-तीन क्रमांकांत लिहिली गेली, तीही हाताने. प्रत्येक वेळी नकलून घेताना काहीतरी घसरले. पश्चिम महाराष्ट्रात एकराचे चाळीस गुंठे, आमच्याकडे शंभर डिसमिल. बाहेरून बदलून आलेल्या माणसाचा यात गोंधळ झाला तर त्याला दोष देववत नाही.

तरी त्या जुन्या वहीत एक शहाणपण होते. सातबारावर फेरफाराची नोंद आधी पेन्सिलीने व्हायची. संबंधितांना नोटीस जायची, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळायचे, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केले की मग शाई. नोंद अजून कच्ची आहे हे पाहताक्षणी कळे. आणि नामंजूर झालीच तर फेरफार वहीत नामंजुरीचे कारण आणि खाली सही. कारण चुकीचे वाटले तर त्या सहीवर अपील करता येई. त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पंधरा दिवसांचे पंधरा महिने होत आणि सहीसाठी खेटे घालावे लागत. पण कारण लिहिणे हे बंधन होते.

जमीन अभिलेखांचे संगणकीकरण देशात 1988-89 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाले, त्यांत आपला वर्धा होता. पुढे ई-फेरफार आला, हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा ताडून पाहण्याच्या मोहिमा झाल्या, गावोगावी चावडी वाचन झाले. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 1 मे 2018 पासून मिळू लागला. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर. धान विकायचे तर बारा नंबरच्या नमुन्यात धान दिसले पाहिजे आणि ते दिसण्यासाठी पाहणी वेळेत झाली पाहिजे. दुसऱ्या घराण्याची वही आता तारेवर आली.

इकडे इंटरनेटवाल्यांचे निराळेच भांडण चालू होते. 1980 मध्ये जॉन पोस्टेल यांनी टीसीपीच्या मसुद्यात एक सल्ला लिहून ठेवला होता, त्याचा आशय असा की स्वतः पाठवताना काटेकोर राहा, दुसऱ्याचे घेताना मन मोठे ठेवा. ब्राउझर त्याच सल्ल्यावर वाढले. वेडेवाकडे पान आले तरी दाखवून टाकायचे. फेब्रुवारी 1998 मध्ये आलेल्या एक्सएमएलने याच्या उलट टोक धरले: रचनेत एक कंस चुकला तरी वाचन तिथेच थांबवायचे. पण एक्सएमएलने एक मोलाचा भेदही ठसवला. मजकुराची रचना नीट असणे ही एक गोष्ट आणि ठरलेल्या नमुन्याबरहुकूम असणे ही दुसरी. रचनाच मोडली असेल तर एचटीटीपीत नकाराचा 400 हा जुना क्रमांक होताच. फेब्रुवारी 1999 मध्ये वेबडॅव्ह या एचटीटीपीच्या विस्ताराच्या मानकात 422 दाखल झाला: तुमचे म्हणणे वाचता आले, रचना ठीक आहे, पण त्यावर कार्यवाही करता येत नाही. योगायोग असा की त्याच वर्षी 1 मे रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. 422 एचटीटीपीच्या मुख्य मानकात यायला मात्र 2022 साल उजाडले. दरम्यान 2016 मध्ये आणखी एक मानक आले, नकार देताना त्याचा प्रकार, मथळा आणि तपशील ठरावीक रकान्यांत द्यावा असे सांगणारे. फेरफार वहीतला कारणाचा रकाना तब्बल वळसा घालून परत आला म्हणायचा. वापरणारे त्यामानाने थोडे.

आता पुन्हा खरेदी केंद्रावर. देवरी-सालेकसा भागात आदिवासी विकास महामंडळ, इतरत्र पणन महासंघ. धानाला इथे दोन तपासण्या पार कराव्या लागतात. पहिली ढिगाची: ओलावा 17 टक्क्यांवर नको, खराब व रंग बदललेले दाणे 5 टक्क्यांवर नकोत, अपरिपक्व दाणे 3 टक्क्यांवर नकोत. इथे नाकारले तर निदान आकडा दिसतो. 19 आला, दोन दिवस वाळवा आणि आणा. दुसरी तपासणी नोंदीची. तिथे 19 आणि 17 असे कोणी सांगत नाही.

पडद्यावरच्या एका ओळीमागे प्रत्यक्षात बरेच काही घडलेले असते. पोर्टल आधारकडे विचारणा करते, भूमी अभिलेखांकडे करते, बँकेकडे करते. आधारची प्रमाणीकरण सेवा तर नकाराचे क्रमांक वेगवेगळे देते: 998 म्हणजे आधार क्रमांकच अवैध किंवा त्याची माहिती उपलब्ध नाही, 100 म्हणजे नाव, जन्मतारीख असे मूळ तपशील जुळले नाहीत, 300 म्हणजे बोटांचे ठसे वा बुबुळे जुळली नाहीत. तीन निराळे आजार, तीन निराळी औषधे. नाव तंतोतंत जुळले पाहिजे की अंशतः चालेल हेही विचारणाऱ्याला ठरवता येते. एवढी तपशीलवार उत्तरे मधल्या थरांतून खाली येता येता 'इनव्हॅलिड डेटा' या दोन शब्दांवर येतात. माझ्या मते पोर्टल लिहिणाऱ्यांचा सर्वांत मोठा अपराध हाच आहे. सुरक्षेचे कारण पुढे केले जाते, ते पासवर्डाच्या बाबतीत रास्त आहे. गट क्रमांकाच्या बाबतीत नाही.

ऑपरेटरने किंवा एपीआय जोडणाऱ्या मुलाने मग शोधायचे कसे? प्रथम उत्तराचा क्रमांक पाहावा आणि त्यासोबत आलेला मजकूर पूर्ण वाचावा. पुष्कळदा कारण तिथे असते, पडदाच ते दाखवत नाही. 400 असेल तर आकाराकडे वळावे. तारीख 05/06/2025 अशी गेली का? ती पाच जून की सहा मे हे यंत्राला ठरवता येत नाही, म्हणून आयएसओच्या मानकाप्रमाणे वर्ष-महिना-दिवस असा क्रम द्यावा. एक्सेलमधून माहिती उचलली असेल तर खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गळली असण्याची शक्यता मोठी, कारण एक्सेल त्याला संख्या समजते. खाते क्रमांक, गट क्रमांक, पिन या संख्या नव्हेत, त्यांची बेरीज कोणी करत नाही. त्या मजकूर म्हणूनच पाठवाव्यात. 112/1/अ असा हिस्सा क्रमांक यूआरएलमध्ये घातला तर तिरकी रेघ वाट फोडते. आयएफएससीची अक्षरे अकरा, पाचवे नेहमी शून्य. तिथे इंग्रजी 'ओ' टंकलेला असणे ही फार जुनी ओळखीची चूक.

देवनागरीची दुखणी तर पुण्या-मुंबईच्या इंग्रजी चाचणीत कधी सापडतच नाहीत. ७ आणि 7 माणसाला एक, यंत्राला दोन. गोरेगाव तालुक्यातले कुऱ्हाडी घ्या. त्यातला 'ऱ्हा' संगणकात दोन वेगवेगळ्या अक्षरमालिकांनी लिहिता येतो. कळफलक बदलला की मालिका बदलते, पडद्यावर दोन्ही हुबेहूब दिसतात आणि युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण चालवले तरी एक होत नाहीत. जुळवणी फसते आणि दोन्ही कागद हातात धरून बसलेल्या माणसाला फरक दाखवता येत नाही. जिल्ह्याच्या नावाचेच घ्या ना. इंग्रजीत रेल्वे ते एका प्रकारे लिहिते, जनगणना मध्ये एक 'वाय' घालून. तालुक्यांत सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव अशा दोन अर्जुनी. नावावर विसंबण्याऐवजी शासनाच्या स्थानिक निर्देशिकेतला गाव-तालुक्याचा संकेत पाठवावा, एवढा एकच नियम पाळला तरी नाकारलेल्या नोंदींचा मोठा ढीग कमी होईल.

422 असेल, किंवा आकार सगळा ठीक असूनही नकार येत असेल, तर टंकलेखन पुन्हा पुन्हा तपासण्यात वेळ घालवू नये. इथे दोन वह्या भांडत असतात. दीड एकर हेक्टरच्या रकान्यात 1.50 म्हणून गेले तर आकाराला धरून ते निर्दोष आहे, सातबाराशी ताडल्यावर ते पडते. धानाचे वजन हेक्टरी ठरलेल्या उत्पादकतेपेक्षा जास्त निघते तेव्हाही मूळ घोळ बहुधा क्षेत्रात असतो. 'आधीच नोंद आहे' असे उत्तर आले तर सामायिक खातेदारांपैकी कोणी त्याच गटावर आधी नोंदणी केली आहे का पाहावे; उपाय संमतीपत्र आहे, कोड नव्हे. बँका विलीन झाल्यावर जुने आयएफएससी बंद झाले, तेही इथेच येते: पासबुकावरचा संकेत अकरा अक्षरी आणि देखणा, पण मेलेला.

राहता राहिले नाव, सर्वांत छळणारे. रहांगडाले, मेश्राम, उईके ही आडनावे इंग्रजीत प्रत्येक कार्यालयाने आपापल्या कानाने लिहिली. सातबारावर वडिलांचे नाव मधे, आधारवर गळालेले, बँकेत आद्याक्षर. शेतकरी ओळख क्रमांकासाठी अ‍ॅग्रीस्टॅकमध्ये आधारचे नाव आणि सातबाराचे नाव किती जुळते याचे गुण निघतात. जुळवणी कमी आली की केंद्रावरचा सल्ला ठरलेला: आधार दुरुस्त करून आणा. आधार केंद्र त्यामानाने जवळ, तहसील लांब, म्हणून हा सल्ला सोपा वाटतो. पण वह्या दोन आहेत आणि चूक कोणत्या वहीत आहे हे यंत्राला माहीत नसते.

म्हणून शेतकऱ्याला आणि त्याच्यासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलाला एकच सांगणे. आधारवरचे नाव बदलायला जाण्याआधी सातबारा, आठ-अ, शाळेचा दाखला आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून नाव नेमके कुठे बिघडले ते पाहा. आधारवर नाव सर्वसाधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येते. सातबारावरची लेखनचूक महसूल संहितेच्या कलम 155 खाली केव्हाही दुरुस्त करता येते, आणि त्यासाठीचा अर्ज तहसील कार्यालयात द्यायचा असतो.